काडीसारख्या माणसाला शुगर?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या इंदुरात रविवार उजाडतो तो पोहे-जलेबीनं. पोह्यांवर शेव, जीरावण, अन् जलेबीचा पाक ओघळून पोह्यांत मुरलेला. मीही त्यातलाच. वजन 61 किलो, हातपाय नुसत्या काड्या. त्यामुळे तपासणीत शुगर निघाली तेव्हा मी लॅबवाल्यालाच दटावलं, "अहो, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल!"

मग मधुमेहावर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचलं आणि माझी जिरली. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. एकीकडे लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरीकडे याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तोच, 22.3. पण अंगातली चरबी मोजली, तर साहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2!

ही चरबी येते कुठून? म्हटलं, जलेबीतून. पण याज्ञिकांनी तर थेट नवजात बाळंच मोजली. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची 3.5. आपली बाळं हाडामांसानं बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखून. पुण्यातल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर त्यात इन्शुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारा रस, इंग्लंडातल्या बाळांपेक्षा जास्त. कमी नव्हे, जास्त! मी ही ओळ दोनदा वाचली.

त्याचं असं आहे. जठराच्या मागे स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. त्यात पेशींची इवलीशी बेटं विखुरलेली. 1869 साली लँगरहान्स नावाच्या एका जर्मन विद्यार्थ्यानं ती पहिल्यांदा टिपली. या बेटांतल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. चरबी वाढली, की शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. मग पेशी आणखी इन्शुलिन ओततात, आणखी ओततात. वर्षानुवर्षं शुगरचा आकडा ठीक दिसतो, कारण आत त्या राबत असतात. त्या थकल्या, की आकडा चढतो, अन् आपण म्हणतो, "अचानक झाली हो!"

मागच्या रविवारी सौ.नं शिवणाच्या मशीनच्या खणातला टेप काढून माझ्या बेंबीभोवती गुंडाळला. 91 सेंटीमीटर. पोटावरची चरबी ओळखायला कमरेचा घेर मोजतात, अन् आपल्याकडच्या पुरुषांना 90 ची मर्यादा. मी म्हटलं, "आता तुझी मोजू." तर टेप पुन्हा खणात गेला. बायकांना 80 ची मर्यादा आहे, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.