शिकागोचा नकाशा कोणी आखला?

मंडळी, शिकागो हे नाव आपल्याकडे दोन कारणांनी घरोघरी पोचलं. 1893 साली तिथल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे एक. दुसरं कारण 1 मे. आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो त्याच दिवशी कामगार दिनही असतो, आणि त्याचं मूळ शिकागोतल्या 1886 च्या, कामाचा दिवस आठ तासांचा असावा यासाठीच्या लढ्यात आहे. त्याच लढ्यात हेमार्केट चौकात झालेल्या बॉम्बस्फोटानंतर ज्या आठ जणांवर खटला चालला, त्यांतले पाच जर्मनीत जन्मलेले होते, इतकं हे शहर बाहेरून आलेल्यांचं होतं. या शहरात कोण राहतं, कुठे राहतं आणि तिथेच का राहतं, हा आजचा विषय आहे.

आधी आकडे सांगतो. 2020 च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या 27 लाख 46 हजार भरली. त्यात गोरे सुमारे 31 टक्के, लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतले, 30 टक्क्यांच्या आसपास, कृष्णवर्णीय साधारण 29 टक्के आणि आशियाई 7 टक्के. तीन मोठे समाज जवळजवळ सारख्या वजनाचे. कागदावर यापेक्षा मिसळलेलं शहर शोधून सापडणार नाही. पण हीच माणसं नकाशावर ठेवा. उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठाने गोरी वस्ती, दक्षिणेला आणि पश्चिमेला मैलोन्‌मैल कृष्णवर्णीय वस्ती, मधल्या पट्ट्यांत लॅटिनो. अमेरिकेतल्या सर्वांत विभागलेल्या शहरांत शिकागोचं नाव अनेक दशकं घेतलं जातंय.

यावर एक उत्तर तयार असतं. लोक आपापल्यांत राहणं पसंत करतात, त्याला कोण काय करणार? शिकागोच्या बाबतीत हे उत्तर खोटं आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. हा नकाशा आखला गेला. तो आखणारे हात कोणाचे, हे कागदोपत्री सापडतं.

इथल्या मातीवर आधी पोटावाटोमी आणि इतर आदिवासी समाज होते. बाहेरून येऊन इथे कायमचं घर करणारा पहिला माणूस म्हणून ज्याची नोंद आहे, तो ज्याँ बाप्तिस्त प्वाँ द्यू साब्ल कृष्णवर्णीय होता. 1833 च्या तहाने आदिवासींची उरलेली जमीन गेली, आणि मग शहर इतक्या वेगाने वाढलं की जगात त्याला तोड नव्हती. कालवा खणायला आयरिश आले. मग जर्मन, स्वीडिश, पोलिश, चेक, इटालियन, रशियातून ज्यू. 1890 च्या सुमाराला शहरातली तीन चतुर्थांशांहून जास्त माणसं एकतर परदेशात जन्मलेली होती किंवा अशांची मुलं होती. या सगळ्यांच्या वस्त्या होत्या, चर्च होती, आपापल्या भाषेतली वर्तमानपत्रं होती. पण त्या वस्त्यांना भिंत नव्हती. पोलिश कुटुंबाच्या हातात दोन पैसे आले की ते पुढच्या मोहल्ल्यात घर घेत असे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत ही सगळी मंडळी एकाच रकान्यात जाऊन बसली : गोरे.

रकान्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्याशी संबंधित एक गोष्ट सांगतो. 1920, 1930 आणि 1940 च्या अमेरिकन जनगणनेत भारतीय माणसाचा वंश ‘हिंदू’ असा लिहिला जाई. तो शीख असो, मुसलमान असो, वंश हिंदू! 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. 1970 च्या जनगणनेत आपल्याला गोऱ्यांत धरलं गेलं. 1980 पासून ‘एशियन इंडियन’. साठ वर्षांत माणसं तीच राहिली आणि त्यांचा वंश मात्र बदलत राहिला. म्हणून वंशाचा आकडा वाचताना तो कोणी, कशासाठी मोजला, हे मी आधी बघतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. 1910 साली शिकागोत कृष्णवर्णीय होते 44 हजार, शहराच्या 2 टक्के. पहिल्या महायुद्धाने युरोपातून येणारे मजूर थांबले आणि कत्तलखान्यांना, पोलाद कारखान्यांना माणसं हवी झाली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वेठीसारखी शेती, मतदानावर बंदी आणि झुंडीने माणसं मारण्याचे प्रकार चालूच होते. मिसिसिपीतून, लुइझियानातून इलिनॉय सेंट्रल रेल्वे थेट शिकागोला येत होती. ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक रेल्वेच्या डब्यांतले पोर्टर दक्षिणेत नेऊन वाटत. वाचता येणारा एकजण ते मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. 1930 पर्यंत 44 हजारांचे 2 लाख 34 हजार झाले.

ही माणसं राहिली कुठे? शहराच्या दक्षिण भागातल्या एका अरुंद पट्ट्यात. कारण बाहेर पाऊल टाकलं की काय होतं, ते 27 जुलै 1919 ला दिसलं. यूजीन विल्यम्स नावाचा 17 वर्षांचा मुलगा मिशिगन सरोवरात तराफ्यावर खेळताना गोऱ्यांनी आपला मानलेल्या किनाऱ्याकडे वाहत गेला. एका गोऱ्या माणसाने दगड मारले, मुलगा बुडाला, आणि पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला. पुढच्या दंगलीत 38 माणसं मेली, 23 कृष्णवर्णीय आणि 15 गोरी.

दगडांच्या मागोमाग कागद आले, आणि माझ्या मते कागदांनी जास्त नुकसान केलं. 1920 नंतर मोहल्ल्यामोहल्ल्यात घरमालकांनी करार केले की आमचं घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, भाड्यानेही देणार नाही. घरांचे दलाल आणि त्यांच्या संघटना यात पुढे होत्या. कार्ल हॅन्सबेरी या व्यावसायिकाने 1937 मध्ये अशा मोहल्ल्यात घर घेतलं, तेव्हा घरावर जमाव चालून आला आणि वर शेजारी कोर्टात गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. त्यांची मुलगी लोरेन पुढे मोठी नाटककार झाली, आणि हे घर तिच्या लेखनात उतरलं. असे करार कोर्टाने बजावायचे नाहीत, हा निकाल यायला 1948 उजाडलं.

तोवर सरकार स्वतः या कामात उतरलं होतं. 1930 च्या दशकात केंद्रीय संस्थांनी शहरांचे नकाशे करून मोहल्ल्यांना श्रेणी दिल्या. कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे लाल रंग, धोक्याची. 1934 पासून सरकार घरकर्जाला हमी देऊ लागलं, पण ती हमी लाल भागाला मिळत नसे. हमी नाही म्हणून बँक कर्ज देत नसे. म्हणजे गोऱ्या तरुण जोडप्याला थोडे पैसे भरून उपनगरात घर मिळायचं, आणि तेवढाच पगार असलेल्या कृष्णवर्णीय जोडप्याला एका दमडीचं कर्ज मिळायचं नाही.

मग त्यांनी घरं घेतली कशी? पश्चिमेकडच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये काय झालं ते बघा. 1950 मध्ये तिथे 13 टक्के कृष्णवर्णीय होते, 1960 मध्ये 91 टक्के. एका दशकात मोहल्ला उलटा झाला. दलाल गोऱ्या, बहुतेक ज्यू, घरमालकांना गाठून भीती घालत : ते येताहेत, भाव पडणार, आत्ताच विका. घर स्वस्तात घेत आणि तेच घर कृष्णवर्णीय कुटुंबाला दुपटीने किंवा त्याहूनही चढ्या भावाने हप्त्यांवर देत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत दलालाच्या नावावर. दुरुस्ती, कर सगळं घेणाऱ्याकडे. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले, आणि तेच घर पुढच्या कुटुंबाला. आईबाप दोन-दोन नोकऱ्या करत, खोल्यांत पोटभाडेकरू ठेवत. घराची डागडुजी राहून जाई, आणि मग लोक म्हणत, बघा, यांनी मोहल्ल्याची काय दशा केली! ही पिळवणूक वाचताना मला आजही संताप येतो. 1968 मध्ये याच लॉनडेलच्या लोकांनी संघटना बांधली, हप्ते रोखून धरले आणि अनेकांनी करार बदलून घेतले.

मार्टिन ल्यूथर किंग 1966 च्या जानेवारीत या लॉनडेलमध्येच भाड्याच्या घरात राहायला आले. ऑगस्टमध्ये ‘मार्केट पार्क’ (Marquette Park) नावाच्या गोऱ्या वस्तीत मोर्चा नेला तेव्हा त्यांच्या डोक्याला दगड लागला. असा द्वेष मिसिसिपी-अलाबामातही पाहिला नव्हता, या अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

नगरपालिकेने काय केलं? गरिबांसाठी घरं बांधली, पण बहुतेक सगळी कृष्णवर्णीय वस्तीतच. रॉबर्ट टेलर होम्स : सोळा मजल्यांच्या 28 इमारती, एकाच रांगेत, 1962 मध्ये पुऱ्या झाल्या. 2007 पर्यंत एकही उरली नाही.

लॅटिनोंची गोष्ट वेगळी. पिल्सन हा मोहल्ला चेक लोकांनी वसवला, नावही त्यांच्या गावाचं. 1960 च्या दशकात विद्यापीठाच्या संकुलासाठी जवळच्या भागातून उठवलेली मेक्सिकन कुटुंबं तिथे आली. आज तिथलं भाडं चढतंय आणि तीच कुटुंबं पुन्हा बाहेर पडताहेत.

आणि कृष्णवर्णीय? 1980 मध्ये ते सुमारे 12 लाख होते, शहराच्या 40 टक्के. 2020 मध्ये सुमारे 8 लाख. कारखाने गेले, शाळा बंद झाल्या. कोणी उपनगरात गेलं, कोणी आजीआजोबा जिथून आले त्या दक्षिणेत परत गेलं. मागे राहिलेल्यांचं काय? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने 2019 साली मांडलेल्या विश्लेषणात सरोवरकाठच्या स्ट्रीटरव्हिलचं सरासरी आयुर्मान 90 वर्षं होतं आणि शहराच्या दक्षिण भागातल्या एंगलवुडचं 60. अंतर काही मैलांचं.

आपली माणसं या नकाशावर उशिरा आली. 1965 च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेचं दार उघडलं तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर म्हणून मराठी तरुण शिकागोत उतरले. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1981 साली याच शहरात झाली. आज आपले बहुतेक लोक नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांत आहेत, आणि आपण हे सहज सांगतो की शिकून, कष्ट करून घर घेतलं. कष्ट खरेच आहेत. पण वंश पाहून घर नाकारणं बेकायदा ठरवणारा केंद्रीय कायदा एप्रिल 1968 मध्ये, किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सही झाला. शॉमबर्गच्या बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन बसलेल्या मराठी इंजिनिअरच्या पाठीशी तो कायदा होता. त्यासाठी मार्केट पार्कमध्ये दगड खाल्ले ती माणसं दुसरी होती.