सस्पिरिया: पिक्चर एकच, पण रिलीजगणिक आवाज वेगळा

विमानतळावरचा हा सीन बघा. सरकता दरवाजा उघडतो, बाहेरचं वादळ आणि गॉब्लिन बँडचं म्युझिक आत घुसतं, दरवाजा बंद झाला की म्युझिक गायब. परत उघडला की परत चालू. 1977 चा, दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा इटालियन हॉरर पिक्चर सस्पिरिया इथेच सांगून टाकतो की भीती कुठून येणारे ते कानाने ओळखायचं.

आधी डबिंगचं बघू, कारण इटालियन ऐकायचा की इंग्लिश यावर वाद कायम चालू असतो. तेव्हा इटलीत डायलॉग नंतर स्टुडिओतच डब व्हायचे, त्यात सेटवर कोण इंग्लिश बोलतंय कोण इटालियन, आणि वरून आर्जेंतो आधीच केलेलं म्युझिक शूटिंगच्या वेळी जोरात लावून ठेवायचा, म्हणजे सेटवरच्या आवाजाचं काही होणारच नव्हतं. त्यामुळे शंभर टक्के ओरिजिनल असा ट्रॅक नाहीच. मी तरी इंग्लिशच लावतो, त्यात हिरॉइन सुझी झालेल्या जेसिका हार्परचा स्वतःचा आवाज आहे, अभिनेत्री जोन बेनेटचाही. अभिनेता उदो कीरला मात्र इंग्लिशमध्येही दुसऱ्याचाच आवाज दिलाय.

पण खरा फरक मिक्सिंगमध्ये, म्हणजे डायलॉग, म्युझिक आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवण्यात आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. 1977 मध्ये याचा चार चॅनेलचा मिक्स होता: डावा, मधला, उजवा आणि एक सराउंड, म्हणजे प्रेक्षकांच्या भोवतीचा. पुढे डीव्हीडीच्या काळात 5.1 (सहा चॅनेलचे) आणि त्याहून मोठे रीमिक्स आले. ऐकायला भारी वाटतात, पण असा रीमिक्स करताना कुठला आवाज किती वर ठेवायचा हे सगळं नव्याने ठरतं, आणि या पिक्चरमध्ये तिथेच गोची आहे.

कारण सुरुवातीला डान्स अकादमीतून पळून चाललेली पॅट नावाची मुलगी दारात उभी राहून काहीतरी ओरडते आणि धो धो पावसात तिथे नुकत्याच पोचलेल्या सुझीला त्यातले एकदोन शब्दच ऐकू येतात. शेवटचं कोडं त्याच शब्दांवर सुटतं. आता कोणी डायलॉग स्वच्छ करून पाऊस खाली घेतला, तर सुझीला जे कळलेलं नाही ते आपल्याला आधीच कळणार! तसंच सगळ्या मुली हॉलमध्ये झोपतात त्या रात्रीचं. पडद्यामागून विचित्र घरघर येते आणि सुझीची मैत्रीण सारा त्या घोरण्यावरून ओळखते की ही डिरेक्ट्रेस, म्हणजे अकादमीची प्रमुख आहे. पुराव्याला नुसता आवाज, बाकी काही नाही. तिथे म्युझिक थोडं जरी वर गेलं तरी सीनमधली हवाच जाते.

म्हणून पिक्चरच्या डिस्क काढणाऱ्या सिनॅप्स कंपनीने 2017 मध्ये 4के रिस्टोरेशन काढताना तो जुना चार चॅनेलचा इंग्लिश मिक्स परत आणला, याचा मला मनापासून आनंद झाला. ही डिस्क असेल तर ऑडिओ मेनूत 4.0, म्हणजे हाच चार चॅनेलचा मिक्स, निवडा.

आणि जुनी युरोपियन पाल (PAL, टीव्हीची एक जुनी पद्धत) डीव्हीडी असेल तर लांबी तपासा. 24 फ्रेमचा पिक्चर तिथे सेकंदाला 25 फ्रेमने पळतो, म्हणजे 98 मिनिटांचा 94 मध्ये संपतो, आणि पिच (सुराची उंची) दुरुस्त केलेला नसेल तर सगळे आवाज साधारण पाऊण सेमिटोन (सेमिटोन म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) चढतात. डायलॉगमध्ये पटकन कळणार नाही, पण गॉब्लिनची थीम ओरिजिनल रेकॉर्डसोबत लावून बघा, लगेच पकडाल.