टाचेवर अडकलेला मोजा

[पडद्यावर: पलंगाची कड. लोंबकळणारे दोन पाय. एका पायात अर्धवट चढलेला मोजा.]

सकाळचे सव्वासात. अकरा मिनिटं झाली, मोजा अजून टाचेवरच अडकलाय. आईचे हात शिवशिवतायत. तिने ते मांडीखाली दाबून ठेवलेत.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. याच्याकडे एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचं. त्यामुळे स्नायू सैल, बोटांची पकड हलकी. आणि मोजा हे भलतंच हट्टी कापड आहे, हे मोजा घालता येणाऱ्यांच्या कधी लक्षातच येत नाही.

[पडद्यावर: जुनी वही. तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच ओळ.]

ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने, आईला एक उलटी युक्ती शिकवली. शेवटापासून सुरू करायचं. मोजा आईनेच चढवायचा, अगदी घोट्यापर्यंत. फक्त शेवटचं बोटभर ओढणं मुलाचं. त्याने ओढलं की मोजा घालून झाला! ते जमलं की एक पायरी मागे यायचं, टाचेपासून पुढचं सगळं त्याचं. मग बोटांपासून.

सुरुवातीपासून शिकवलं असतं तर अवघड जागी हात थांबला असता आणि काम दर वेळी दुसऱ्या कुणीतरी संपवलं असतं. इथे ते दर वेळी त्याच्याच हातून संपतं. वहीत सापडतं : शेवटचं बोटभर, तीन आठवडे. टाच, चौथा महिना चालू.

[पडद्यावर: खिडकीशी बसलेली आई. हातात गार झालेला चहा.]

आशा म्हटली की लोकांना काहीतरी उजळ, हसरं दिसतं. भेटणारे सांगतात, देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो. आई मान हलवते. घरी येऊन म्हणते, मला खास व्हायचं नव्हतं, मला झोपायचं होतं.

ती रडतेही. चुलत भावंडांपैकी कुणी सायकल शिकलं, की त्या रात्री हमखास. समाजकार्याच्या क्षेत्रातले सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये अशा पालकांच्या दुःखाबद्दल लिहिलं होतं. हे दुःख आयुष्यभर सोबत राहतं, कमीजास्त होतं, पण तो आजार नाही, असं त्यांचं म्हणणं. आईबापांनी एकदाचं स्वीकारावं आणि मोकळं व्हावं, हा आग्रहच त्यांना चुकीचा वाटत होता. हे आईला कुणीतरी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. रडू आलं की आपण हरलो, असं ती कितीतरी दिवस समजत होती.

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांच्या मांडणीत आशेला तीन गोष्टी लागतात : गाठायचं ठिकाण, तिथवरची वाट, आणि ती वाट मला चालता येईल हा भरवसा. ‘सगळं छान होईल’ हे त्या तीनमध्ये नाही. आईचं ठिकाण सध्या टाचेच्या पलीकडे आहे.

[पडद्यावर: बाबा दप्तर भरतायत. मोठी बहीण वेणी घालतेय.]

बाबा फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, “आमच्यानंतर याचं काय?”

या प्रश्नाला गोड उत्तर नाही, आम्हीही ते देणार नाही. पण त्याचा इतिहास बघा. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती सरासरी पंचवीस वर्षं जगे. आज हा आकडा साठच्या आसपास आहे. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुलांना संस्थांत टाकणं कमी झालं, ती घरात वाढू लागली. पूर्वी कितीतरी आईबापांवर हा प्रश्न विचारायची वेळच येत नसे. बाबांची काळजी एका चांगल्या बातमीच्या पोटी जन्मलीय.

ती त्यामुळे हलकी होत नाही. पण तिच्यावर काम करता येतं : पालकत्वाची कागदपत्रं, बाजूला टाकलेले पैसे, मुलाला ओळखणारी आणखी चार माणसं. या यादीत बहिणीचं नाव आपोआप घालायचं नाही, असं आईबाबांनी ठरवलंय. तिला विचारतील, ती मोठी झाल्यावर.

[पडद्यावर: पुन्हा पाय. मुलाची बोटं मोज्याच्या कडेत शिरतात.]

सात वाजून पस्तीस मिनिटं. तो जीभ दाताखाली धरतो, ओढतो. मोजा टाच ओलांडून सर्रकन वर येतो.

उलटा. टाचेचा भाग पावलाच्या वर आलाय, फुगीर, विचित्र. तो स्वतःशीच टाळ्या वाजवतो. आईचा हात पुढे जातो, मोज्यापाशी थांबतो. ती पलंगावरून दुसरा मोजा उचलते आणि त्याच्या हातात देते.