लास्ट वर्किंग डे

[दृश्य: सकाळ. फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा, जवळून.]

हा आईच्या गोळ्यांचा डबा. सात खणांचा. वारांची अक्षरं बोटांनी घासून पुसट झालीत, पण आईला अक्षरं लागत नाहीत. पहिला खण उघडला की सोमवार. शुगरची गोळी नाश्त्याआधी, बीपीची नंतर. आईला शुगर 2014 पासून आहे. मधल्या काळात दोनदा अ‍ॅडमिट झाली, तेव्हा बिलाची धाकधूक आम्हाला नव्हती. माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये नवरा, मुलगा, आई, बाबा, सगळे होते.

मग एका मंगळवारी पंधरा मिनिटांची मीटिंग लागली. विषयाचा रकाना रिकामा होता.

[दृश्य: हिंजवडीचा रस्ता. संध्याकाळी सुटलेल्या बसेस.]

शेवटचा दिवस अकरा दिवसांवर होता. एचआरने एक यादी दिली. लॅपटॉप, चार्जर, अ‍ॅक्सेस कार्ड, पार्किंगचा स्टिकर. त्यांच्या खाली एक ओळ: ग्रुप मेडिक्लेमचं कव्हर शेवटच्या कामाच्या दिवशी संपेल. चार्जर परत करण्याच्या ओळीइतकीच ती ओळ लहान होती. मी सही केली आणि घरी आले. मला आजही वाटतं, ही ओळ कंपनीने समोर बसवून समजावून सांगायला हवी होती. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, त्याला पगाराइतकाच मोठा धक्का ह्या ओळीचा बसतो.

कारण ग्रुप पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, आपण फक्त तिचे सभासद. नोकरी सुटली की नाव वगळलं जातं. मी हप्ता भरते म्हटलं, तरी त्याच पॉलिसीत राहता येत नाही. आणि कंपनीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. त्याची इतकी सवय होते की बाहेर तसं नसतं, हे ध्यानातच येत नाही.

बाहेर नवी पॉलिसी घेतली तर अपघात सोडून पहिले 30 दिवस काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. एप्रिल 2024 पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. म्हणजे आईच्या शुगरमुळे उद्या काही उद्भवलं, तर तीन वर्षं खिशातून भरा. घरात पगार नसताना.

[दृश्य: सोसायटीचा जिना. दोन कप चहा.]

आमच्या सोसायटीत विम्याचं काम करणारे एक काका आहेत. आई-बाबांना भेटायला आले, चहा झाला, उठता उठता म्हणाले, "अगं, मायग्रेशनचा अर्ज टाकलास का?" मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होते.

मायग्रेशन म्हणजे ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाणं. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वाया जात नाहीत, थांबण्याच्या मुदतीतून वजा होतात. फक्त जुन्या विमा रकमेपुरती. आधी पाच लाखांचं कव्हर होतं आणि आता दहाचं घेतलं, तर वरच्या पाच लाखांसाठी घड्याळ नव्याने सुरू. "पॉलिसी चालू आहे तोवर हालचाल कर," काका म्हणाले, "नंतर कागद घेऊन फिरशील." त्या रात्री मी एचआरकडून पॉलिसी क्रमांक आणि सभासदत्वाच्या तारखांचं पत्र मागितलं.

[दृश्य: जेवणाचं टेबल. अर्ज, चष्मा, रिपोर्टांची फाइल.]

अर्ज भरताना आई शेजारी बसली होती. आजारांच्या रकान्यावर पेन आलं, तशी हळूच म्हणाली, "शुगर कशाला लिहितेस? हप्ता वाढेल. घरात आधीच…" वाक्य तिने पुरं केलं नाही. आपण घराला ओझं झालोय असं तिला वाटू लागलं होतं, आणि ते मला नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागलं.

मी लिहिलं. शुगर, बीपी, साल, दोन्ही अ‍ॅडमिशन. आजार लपवला आणि तो क्लेमच्या वेळी उघड झाला, तर क्लेम जातो, पॉलिसीही जाऊ शकते. सलग 60 महिने भरल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय विमा कंपनीला हे कारण पुढे करता येत नाही. पण ती पाच वर्षं धास्तीत कोण काढणार?

आईला घेतलं, हप्ता चढवून. बाबांना नाही. बायपास झालेली, वय 72. वैयक्तिक पॉलिसी देताना प्रकृती तपासण्याचा हक्क विमा कंपनीला असतो, त्यामुळे मायग्रेशन मागितलं की मिळालंच असं नाही.

बाबांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. आधारवर मोबाइलमध्ये कार्ड निघालं. बायपास झाली ते हॉस्पिटल मात्र योजनेच्या यादीत नव्हतं. मी आणि नवरा स्कूटरवरून जाऊन यादीतलं जवळचं हॉस्पिटल बघून आलो. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणारा माणूस, कुठे बसतो, रात्री कोणतं दार उघडं असतं, हेही विचारलं.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आहे, तेही तिथेच कळलं. चाकणच्या कारखान्यात 21 हजारांच्या आत पगार असलेल्यांचं गणित वेगळं. त्यांचं ईएसआय असतं, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि भरलेल्या वर्गणीवर नोकरीनंतरही काही काळ उपचार मिळू शकतात. कार्ड फेकू नका, शाखेत जाऊन विचारा.

स्वस्त पॉलिसी मीही शोधली. एकीत खोलीभाडं रोज पाच हजारांपर्यंतच होतं. दहा हजारांची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च असे खोलीबरोबर वाढणारे आकडेही निम्मेच मंजूर होतात. ती सोडली. पाच लाखांची साधी पॉलिसी घेतली, आणि पाच लाखांच्या वरच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, तेवढाच हातभार.

[दृश्य: रात्र. फोनचा उजेड.]

परवा एका जुन्या सहकारिणीचा फोन आला. तिचा शेवटचा दिवस शुक्रवारी. वडिलांचं डायलिसिस चालू आहे. ती नोटीस पे विचारत होती, पीएफ विचारत होती. मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, ते सगळं सोमवारी बघू. आधी अर्ज टाक. आत्ता, ईमेलने. आणि पोच आली की मला पाठव.