पडद्यामागची चादर

(दृश्य : पूर्व भागातली एक गच्ची, संध्याकाळ. खालून यंत्रमागांचा खडखडाट.)

सोलापुरात राहूनसुद्धा पडद्याला सोलापुरी चादर चालत नाही. जेकार्ड मागावर विणलेली फुलं नायिकेच्या गालावर उमटतात. पडद्याला लागतं साधं पांढरं सुती कापड, आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच. खालच्या दुमडीत वेळूची काठी ओवली की वाऱ्यानं ते फुगत नाही. कापड एकेरी असेल तर मागच्या रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड झिरपतो आणि पडद्यावरचा काळा रंग राखाडी दिसतो. म्हणून पाठीशी एक गडद, जाड चादर टांगायची. सोलापुरी चादरीचं काम तिथं.

आज इथं नऊ जण जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे तिकडचा चित्रं हलवून केलेला सिनेमा, बघायला बसणार आहेत. टॉवेल कारखान्यातले हिशेबनीस, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एक नर्स, एक वकील जोडपं आणि शेजारपाजारचे. सगळे तिशीच्या पुढचे. वाचणारे, नाटकाला जाणारे, नवं काही आलं तर नाक न मुरडणारे. जपानी अ‍ॅनिमे मात्र त्यांनी पाहिलंय ते घरातल्या पोरांच्या खांद्यावरून. शिनचॅन, डोरेमॉन, तेही हिंदीतून. त्यामुळे जिन्यात भेटलेला मित्र विचारणारच : "कार्टून बघायलास व्हय बे?"

(दृश्य : मांगाची पानं उलटणारा हात.)

जपानमध्ये मांगा, म्हणजे चित्रकथा, नियतकालिकांतून क्रमशः छापून येतात आणि कुठलं नियतकालिक कुणासाठी, ते आधीच ठरलेलं असतं. शोनेन मुलग्यांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन मोठ्या पुरुषांसाठी, जोसेइ मोठ्या बायकांसाठी. हा नुसता वाचक कोण, याचा हिशेब. सेइनेन म्हणजे चावट, असा अर्थ कुणी काढू नये. त्यात सरकारी कचेरीतल्या कारकुनाची गोष्ट असते, शेतीची असते, म्हातारपणाचीही असते.

घोळ करतात ते बरेचदा चाहतेच. हे पोरासोरांचं नाही, एवढं सिद्ध करायला पहिल्याच दिवशी मुंडकी उडणारं काहीतरी लावतात. समोरचा उठून जातो आणि 'जपानी म्हणजे असलंच' असा शिक्का कायमचा बसतो.

(दृश्य : वहीचं पान, जवळून. शाईचे तीन प्रश्न.)

कुणाला काही सुचवण्याआधी हे विचारून घ्यायचं. पहिला प्रश्न : शेवटपर्यंत पाहिलेली शेवटची गोष्ट कोणती? 'आवडतं काय' असं विचारायचं नाही. त्यावर माणसं भारदस्त नावं सांगतात. शेवटपर्यंत काय पाहिलं, यात खोटं बोलणं अवघड जातं.

दुसरा : काय बघवत नाही? इथं मोघम उत्तर घ्यायचं नाही, एकेक विचारायचं. लहान मूल दगावणं, लैंगिक अत्याचार, आत्महत्या, जनावराचे हाल, रक्त. नर्सबाईंच्या नावापुढं लिहिलंय, 'रक्त चालेल, मूल नको.'

तिसरा : एका बैठकीला किती वेळ आहे आणि इंग्रजी अक्षरं किती भराभर वाचता येतात?

एवढी उत्तरं हातात आली की नाव सुचवणं सोपं. वकीलसाहेबांनी शेवटची पाहिली ती गुन्हेगारीची मालिका. त्यांना 'मॉन्स्टर' द्यायची. नाओकी उरासावा यांच्या मांगावरून २००४-०५ मध्ये आलेली, ७४ भागांची. ड्युसेलडॉर्फच्या इस्पितळात केन्झो तेन्मा नावाचा जपानी मेंदूशल्यविशारद आहे. डोक्यात गोळी लागलेलं पोर आधी आलंय, पण वरून हुकूम येतो की महापौरांवर शस्त्रक्रिया कर. तो पोराला वाचवतो. ते पोर पुढं काय निघतं, ती मालिका. जादू नाही, राक्षस नाही, आकाशात उडणारं कुणी नाही. पण पहिले चार भाग सलग बघायला लावायचे. एकावर सोडलं तर इस्पितळातलं राजकारण बघितल्यासारखं वाटून माणूस परत येत नाही. आणि मधल्या भागात गोष्ट रेंगाळते, हेही आधीच सांगून टाकावं.

हिशेबनीस नाटकवाले. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांचं कथाकथन ऐकत मोठी झालेली पिढी. त्यांच्यासाठी 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू', २०१६ ची, पहिल्या पर्वात १३ भाग. राकुगो म्हणजे उशीवर मांडी घालून... नाही, गुडघे मोडून बसलेला एकच माणूस. हातात पंखा आणि एक रुमाल, बस्स. पंखा मिटला की चॉपस्टिक, ओठाशी धरला की चिलीम. मान उजवीकडं वळली की नवरा बोलतो, डावीकडं वळली की बायको. मालिकेत हे प्रयोग तुकड्यांत उरकत नाहीत. कॅमेरा समोर बसून राहतो, मिनिटंच्या मिनिटं. कथाकथन रंगलं म्हणजे काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला इथं काही समजावून सांगावं लागत नाही.

शाळेतल्या बाईंना रात्री अर्धाच तास मोकळा. मग 'मुशिशी' : २००५-०६, २६ भाग, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, कुठलाही भाग आधी लावा. गावोगाव फिरणाऱ्या वैदूसारखा गिंको नावाचा माणूस आणि धड वनस्पती ना धड प्राणी अशा जीवांनी पछाडलेली माणसं. संवाद कमी, त्यामुळे सबटायटल सावकाश वाचणाऱ्यालाही झेपते. एका रात्रीत चार भाग मात्र बघू नयेत. शांतता चौथ्या भागाला पेंग आणते.

(दृश्य : जेकार्ड माग. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरतेय. ही फ्रेम लांबवावी.)

आता जरा खालच्या मजल्यावर जाऊ. चादरीची नक्षी आधी चौकड्यांच्या कागदावर उतरते. एक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात. भोक असेल तिथं सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा तो उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच. एक भोक चुकलं तर नक्षी फिरून येईल तिथं तीच चूक पुन्हा.

हातानं काढलेलं अ‍ॅनिमे याच जातीचं काम आहे. सेकंदाला २४ चौकटी. हालचालीची टोकं मुख्य चित्रकार काढतो, त्या चित्रांना गेंगा म्हणतात. मधली चित्रं दुसरे भरतात, ती दोगा. कुठलं चित्र किती चौकटी थांबणार हे तक्त्यावर आकड्यांत लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा एक चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकतं. म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. कात्सुहिरो ओतोमो यांच्या १९८८ च्या 'अकिरा'त हा हात फार सैल सोडला होता : १२४ मिनिटांसाठी १ लाख ६० हजारांहून जास्त सेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर रंगवलेली चित्रं. शिवाय संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग ओठ काढले. जपानात रीत उलटी आहे.

हे सांगायचं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. नव्या टीव्हीत 'मोशन स्मूदिंग' नावाची भानगड असते. दोन चौकटींमधली चौकट टीव्ही स्वतःच्या मनानं बनवून घालतो. क्रिकेटला ठीक. पण चित्रकारानं मुद्दाम तीन चौकटी थांबवलेला हात तो घसरवतो, बोटांच्या कडा चिखलासारख्या होतात, आणि बघणारा म्हणतो, "कसलं स्वस्त कार्टून आहे हे." दोष टीव्हीचा, नाव जपानचं. पिक्चर मोडमध्ये जाऊन ते बंद करा. तसंच जुनी मालिका चौकोनी असते. १९९८ ची 'काउबॉय बीबॉप' पडदाभर ताणली की सगळ्यांचे गाल सुजतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

(दृश्य : रिमोट, सबटायटलची यादी.)

भाषेचं म्हणाल तर या शहराला सवय आहे. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात मराठी, चहाच्या टपरीवर दखनी. न कळणाऱ्या बोलण्याचा सूर पकडायला इथल्या कानाला वेगळं शिकवावं लागत नाही, म्हणून आवाज जपानीच ठेवावा. फक्त यादीतली ओळ नीट निवडा. इंग्रजी डबिंगसाठी एक वेगळी सबटायटल असते, तिच्यात फक्त पाट्या आणि गाणी येतात. ती चुकून लागली की दहा मिनिटं माणसं बोलतात आणि पडद्यावर एका दुकानाचं नाव तेवढं येतं.

अक्षर आठ फुटी पडद्यावर निदान दीड इंच. रंग पिवळा, नाहीतर पांढऱ्याला जाड काळी किनार. आजच्या चित्रपटात बर्फ पडतोय, आणि साधं पांढरं अक्षर बर्फात विरघळतं. स्पीकर ब्लूटूथवर जोडू नका. आवाज मागं पडतो आणि ओठ आधी हलतात. पाच मीटरची वायर आणा. सबस्क्रिप्शन घरगुती वापराचं असतं. तिकीट लावून शो करायचा तर वितरकाची परवानगी लागते.

(दृश्य : भैय्या चौक, डॉ. कोटणीस स्मारक. सकाळचं ऊन.)

मोठ्यांचं अ‍ॅनिमे म्हटलं की चाहत्यांच्या तोंडी एक नाव हमखास येतं : इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', १९८८, ८९ मिनिटं. कोबेवरचे बॉम्बहल्ले, भाऊ आणि लहान बहीण, भूक. मुलगा मरणार हे पहिल्याच वाक्यात सांगितलेलं आहे. चित्रपट थोर आहे, पण पहिल्या संध्याकाळी नको. एकतर वहीत लिहिलंय, 'मूल नको'. दुसरं कारण या चौकात उभं आहे. १९३८ साली जपाननं आक्रमण केलेल्या चीनमध्ये पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये ते तिथंच वारले. या शहरातला प्रेक्षक विचारणारच : युद्धाची दुसरी बाजू कुठाय? प्रश्न रास्त आहे. ताकाहाता स्वतः या चित्रपटाला युद्धविरोधी म्हणायला तयार नव्हते. त्यांचं लक्ष त्या मुलाच्या जगापासून तुटत जाण्यावर होतं. हे बोलायला वेळ हाताशी ठेवूनच तो लावावा.

त्याच्या आधी सुनाओ काताबुची यांचा 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' चालेल. २०१६, १२९ मिनिटं. हिरोशिमाजवळचं कुरे हे नौदलाचं बंदर आणि तिथं सून म्हणून आलेली सुझू. रेशन आटत जातं तशी ती रानातला पाला खुडते, चिरते, भात पाण्यात फुगवून पुरवते. दुष्काळ पाहिलेल्या घरातली बाई ते भांडं बघून पुढं सरकून बसते. मात्र हाही कोवळा नाही. बॉम्ब इथंही पडतात, आणि 'मूल नको' म्हणणाऱ्याला आधी कानात सांगावं लागतं.

दिग्दर्शक सातोशी कोन २०१० मध्ये ४६ व्या वर्षी वारले. चारच पूर्ण चित्रपट. त्यातला १९९७ चा 'परफेक्ट ब्लू' ८१ मिनिटांत माणसाला हादरवतो. पण त्यात चित्रीकरणातल्या बलात्काराचा लांब प्रसंग आहे आणि पुढं खराखुरा हल्लाही. न सांगता लावणं हा विश्वासघात. 'घोस्ट इन द शेल' तत्त्वज्ञानानं गच्च, 'इव्हँजेलियन'ला आधीच्या यंत्रमानवी मालिकांची ओळख असली तर बरं. दोन्ही मागाहून. आणि 'पन्नास भाग काढ, मग चांगलं होतं' असं कुणाला कधीही सांगू नये. पन्नास भाग म्हणजे वीस तास. तेवढ्यात एक चादर विणून होते आणि धुऊनही.

(दृश्य : गच्ची, अंधार. प्रोजेक्टरचा झोत. चेहरे.)

आज लागलाय कोन यांचाच 'टोकियो गॉडफादर्स', २००३, ९२ मिनिटं. तीन बेघर माणसं : दारूत बुडालेला गिन, पुरुषाच्या देहात जन्मलेली पण मनानं बाई असलेली हाना, घरातून पळालेली मियुकी. नाताळच्या रात्री कचऱ्यात त्यांना तान्हं बाळ सापडतं. बाळ सुखरूप राहतं, हे नर्सबाईंना आधीच सांगून ठेवलंय. हानाला पडद्यावर टोचून बोललं जातं, त्याचीही कल्पना दिलीय. योगायोग इतके की जुना हिंदी सिनेमा लाजेल. पण तीच ओळखीची वाट नव्या प्रेक्षकाला आत आणते.

लावणाऱ्यानं मागं बसायचं. 'आता बघा, आता बघा' म्हणायचं नाही. हसायची जागा आधी हसून दाखवायची नाही.

(दृश्य : चेहरे. बाळ रडतंय तो प्रसंग, पडद्याचा उजेड गालांवर. निवेदन नाही, २० सेकंद.)

दोघं मध्यंतरालाच घरी गेले. सात जण थांबले.

(दृश्य : कापड उतरतंय. मागची चादर घडी होतेय, एक टोक हिशेबनीसांच्या हातात.)

"तो गोष्टी सांगणारा किती भागांचा म्हणालात?"

तेरा. पहिला भाग दुप्पट लांबीचा आहे, जेवून बसा.