देणगी कशासाठी द्यावी?

नमस्कार श्रोतेहो.

चर्चगेटहून ओव्हल मैदान ओलांडताना राजाबाई टॉवर नजरेतून सुटत नाही. सुमारे २८० फूट उंच! हा मनोरा आणि त्याला लागून असलेलं मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय उभं राहिलं ते कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या पैशांवर. १८६४ साली त्यांनी दोन लाख रुपये ग्रंथालयासाठी दिले आणि त्याच वर्षी आणखी दोन लाख मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं, एवढीच इच्छा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, त्या युद्धामुळे मुंबईत कापसाच्या भावाचा फुगलेला फुगा फुटला आणि १८६५ मध्ये प्रेमचंद स्वतःच बुडाले. पण विद्यापीठाला दिलेला पैसा विद्यापीठाकडेच राहिला. बांधकाम १८६९ ला सुरू झालं, १८७८ ला पुरं झालं. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला कावसजी जहांगीर यांनी एक लाख दिले होते. २०१८ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला.

देणगी नेहमी रुपयांचीच असते असंही नाही. कायद्याचे अभ्यासक असफ फैजी यांनी आपल्या संग्रहातली इस्माइली, म्हणजे शिया मुस्लिमांमधल्या एका पंथाची, हस्तलिखितं याच ग्रंथालयाला दिली. त्यांची वर्णनात्मक सूची विद्यापीठाने १९६५ मध्ये छापली. एरवी असे संग्रह वारसांमध्ये वाटले जातात, नाहीतर माळ्यावर जातात. पुढचं आपल्याला ठाऊक आहेच.

आता खरी अडचण सांगतो. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर नावाची पाटी लागते. मोठ्या दुरुस्तीलाही मिळतो. २०१३ ते २०१५ या काळात टॉवरचं जतनकाम झालं, ते टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या मदतीने. पण समुद्राकाठच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, वाळवी लागते, शाईच कागद खाते. पावसाळ्याआधी छत बघावं लागतं, कपाटं उघडून पोथ्या एकेक करून तपासाव्या लागतात, हाती घेणारा माणूस शिकलेला असावा लागतो. या कामाचं उद्घाटन होत नाही, फोटोही निघत नाही. त्यामुळे त्याला पैसे द्यायचं कुणाला सुचत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या दानशूरपणातली ही मोठी उणीव आहे.

उपाय जुनाच आहे, कायम ठेव. मुद्दल हलवायचं नाही, व्याजावर दरवर्षीची देखभाल. यात लखपतीच लागतो असं नाही. एका तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून घातलेली रक्कमही चालते. आणि खरं सांगू का, नव्या दालनाला मोठी रक्कम देण्यापेक्षा मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा आपल्या विद्यापीठाला काही द्यायचं मनात असेल, तर सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा: 'संग्रहाच्या देखभालीच्या कायम निधीसाठी'. नुसतं 'ग्रंथालयासाठी' लिहिलंत, तर त्यातून खुर्च्याही येऊ शकतात. पावती घ्या, प्राप्तिकराची सवलत मिळते का विचारा आणि वर्षाअखेरीस व्याज कुठे खर्च झालं याचा हिशेब मागा. संकोच करू नका.

नमस्कार.