रानडुक्कर, बिबट्या आणि आपली पारध

मंडळी, शिकारीचा विषय काढला की आपल्या कोकणात हमखास ऐकू येतं, "रानात वाघ राहिले नाहीत, मग डुकरं मारायची कुणी? आम्हीच ना!" हे बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. दसऱ्याच्या सुमारास भात कापणीला येतं आणि एका रात्रीत डुकरांचा कळप कुणगेच्या कुणगे, म्हणजे भाताचे वाफेच्या वाफे, आडवे करतो. खातो कमी, तुडवतो जास्त. ज्याचं वर्षाचं भात गेलं, त्याच्यापुढे भूतदयेचं प्रवचन करायला मी उभा नाही.

पण डुकरं एवढी वाढली कशानं, हे बघायला हवं. घराघरांतली माणसं मुंबईला गेली, शेतं पडीक राहिली, आणि रानमोडीचं दाट तण थेट पडवीपर्यंत आलं. डुकरीणीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? चार महिन्यांचाही गाभण काळ नाही, एका वेताला चार-सहा पिल्लं, वर खायला काजूची बोंडं आणि पडलेले फणस. वाघ नसणं हे एक कारण झालं. पडीक जमीन हे दुसरं, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आता "आम्ही वाघाचं काम करतो" या दाव्याकडे येऊ. बिबट्या, आपण ज्याला वाघरू म्हणतो तो, पूर्ण वाढलेल्या सुळेवाल्या डुकराच्या वाटेला सहसा जात नाही. तो उचलतो पिल्लं, आजारी, मागे राहिलेलं जनावर. मोठ्या डुकराला भिडायचं ते वाघानं नाहीतर कोळशिंद्यांच्या, म्हणजे रानकुत्र्यांच्या, टोळीनं. हे काम बारा महिने, रोज रात्री चालतं. त्या भीतीनं कळप एका जागी ठाण मांडत नाही. आपली पारध निघते शिमग्याच्या सुट्टीत. चाकरमानी आलेले असतात, हाकारे रान उठवतात, आणि बार टाकला जातो तो मोठ्या, मांसल जनावरावर. त्यात भेकर, म्हणजे लहानसं हरीण, निघालं तर भेकर, ससा निघाला तर ससा. भेकरानं कुणाचं भात आडवं केलं होतं?

आणि नुसत्या बंदुकीनं डुकरं कमी होतात, असाही अनुभव नाही. फ्रान्स-जर्मनीत दरवर्षी लाखो रानडुकरं मारली जातात, तरी तिथं ती वाढत गेली. फ्रान्समधल्या अभ्यासात असं दिसलं की शिकारीचा जोर वाढला की माद्या लवकर, पहिल्याच वर्षात विण्याकडे झुकतात.

कोळशिंद्याची गोष्ट तर आपल्या सगळ्यांनाच विचार करायला लावणारी आहे. इंग्रजांच्या काळात त्याला उपद्रवी ठरवून मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. डुकराला आवर घालणारा हा प्राणी आपणच पैसे देऊन संपवत आणला. वाघासाठी मात्र 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2020 साली तिलारीचं जंगल संवर्धन राखीव झालं. गोवा-कर्नाटकातून वर येणाऱ्या वाघाला वाट मिळावी, म्हणून या गोष्टी मोलाच्या आहेत.

माझा खरा राग आहे तो फासकीवर. मोटारसायकलची क्लच वायर घ्यायची, तिचा सरफास करायचा आणि गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, जिथं खिंडार पडलंय तिथं, डुकराच्या वाटेवर लावायचा. दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला. पण त्याच खिंडारातून वाघरूही जातं. त्याचं डोकं, पुढचे पाय पार होतात आणि फास कमरेवर बसतो. ते जितकं ओढतं तितकी वायर आत रुतते. सकाळपर्यंत बुंध्याची साल नखांनी सोललेली असते, भोवतीची माती उकरलेली असते. सोडवलं तरी आतल्या जखमेनं पुष्कळदा मरतं. लावणारा तेव्हा घरी झोपलेला असतो. बंदूकवाला निदान समोर काय आहे ते बघतो. न बघता मारणं मला कुठल्याच कारणानं मान्य नाही, पीक राखण्याच्याही नाही. डुक्कर मारायला लावलेल्या फासकीनं डुकराची पिल्लं खाणारा बिबट्याच मरतो, हे तर आपलंच नुकसान.

1972 च्या वन्यजीव कायद्यात फासकी लावणं ही शिकारच धरली आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी परवानगी मागण्याची सोयही आहे. ती किचकट आहे, भरपाई वेळेवर मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. ती ग्रामसभेत ठरावानं मांडा, मी सोबत यायला तयार आहे. पडीक कुणगे निदान बांधालगत तरी साफ करा, राखणीच्या पाळ्या वाडीनं मिळून लावा.

आणि या आठवड्यात एक करा. आपापल्या गडग्याकडेनं दिवसाउजेडी फिरा, दिसेल ती वायर काढून टाका. जनावर अडकलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, गर्दी करू नका, मोबाइलवर चित्रीकरण नको. वनखात्याचा 1926 हा नंबर लावा आणि माणसं येईपर्यंत लोकांना लांब ठेवा.